रानटी बाई घडवायची आहे, पण मला राग येत नाही (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

निवांत दुपार (सोमवार, २१:०५)

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं रोमात आहे (नुसती वाचते), धागा काढायची ही दुसरीच वेळ. (पहिला कुकरच्या रिंगचा होता.)

झालंय असं, की लेकाच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (फासे टाकून, एकेक पात्र वठवत खेळायचा गोष्टीचा खेळ) ग्रुपमधला एक मुलगा इंटर्नशिपला बंगलोरला गेला. दर रविवारी दुपारी आमच्याच जेवणाच्या टेबलावर यांचा खेळ असतो आणि मी आतून भजी पुरवते. आता "आई, एक जागा रिकामी आहे, तू बस" असं ठरलंय. लेक डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा. बाकी तिघांनी विझर्ड (जादूगार), क्लेरिक (देवाच्या मंत्रांनी बरं करणारा) आणि रोग (चोर, आजार नव्हे) घेऊन ठेवलेत. पुढे उभं राहून मार खायला कोणी नाही, म्हणून माझ्या वाट्याला बार्बेरियन, म्हणजे रानटी लढवय्या. "सोपं असतं गं, रागवायचं आणि मारायचं."

इथेच गाडी अडली. मला राग येत नाही. म्हणजे येत असेल, पण सत्तावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढल्यावर तो कुठे ठेवलाय ते आता सापडत नाही. समोरचा ओरडला की माझा आवाज आपोआप खाली जातो. ही बाई मी वठवायची कशी?

शिवाय पुढे उभं राहायचं म्हणून मी शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) चेन मेल लिहिलं तर चौघंही हसले. का हसले ते सांगायला कोणी थांबलं नाही, भजी गार होत होती. पात्राच्या सहा गुणांसाठी आकडे मिळालेत ते असे: १५, १४, १३, १२, १०, ८. हवे तिथे टाकायचे. नियम २०१४ च्या पुस्तकाचे, पहिली लेव्हल, हाफ-ऑर्क (अर्धी माणूस, अर्धी ऑर्क राक्षस) घ्यावी असं वाटतंय. रविवारच्या आत मदत करा.

लिंबूटिंबू (सोमवार, २१:२०)

वाचते आहे. आई डी अँड डी खेळणार यातच धागा जिंकलात.

शकुनीमामा (सोमवार, २१:५२)

ताई, आधी ते चिलखत उतरवा. चेन मेल हे जड चिलखत. बार्बेरियनला ते वापरायचं शिक्षणच नसतं, आणि जड चिलखत अंगावर असलं तर रेजचे (लढाईत चढणाऱ्या रागाचे) फायदेही मिळत नाहीत. म्हणून पोरं हसली. उघड्या अंगाने तुमचा एसी (तुम्हाला फटका लागायला समोरच्याने गाठायचा आकडा) १० + डेक्स (चपळाई) + कॉन (काटकपणा). वर ढाल घेतलीत तर आणखी २, पण मग दोन हातांचं शस्त्र नाही.

आकडे. हाफ-ऑर्कला स्ट्रेंग्थ +२, कॉन +१ मिळतं. सगळे नवे लोक १५ स्ट्रेंग्थमध्ये टाकतात, त्याचे होतात १७. पण १६ आणि १७ दोन्हींचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +३च. म्हणून १४ स्ट्रेंग्थमध्ये टाका (झाले १६), १५ कॉनमध्ये (झाले १६). दोन्हीकडे +३. मग डेक्स १३, विज्डम १२, करिश्मा १०, इंटेलिजन्स ८. एचपी (किती मार सोसाल तो आकडा) १२ + ३ म्हणजे १५, एसी १४.

१५ एचपी ऐकायला फार नाहीत. पण रेजमध्ये कापणं, भोसकणं आणि ठेचणं या तिन्ही प्रकारांचा मार अर्धा लागतो, म्हणजे तलवारी-बाणांपुढे तुम्ही जवळजवळ तीस एचपीच्या. शेजारचा विझर्ड सहा अधिक कॉनवर उभा असतो, त्याला फुंकर मारली तरी पडतो. रेज बोनस अॅक्शनने सुरू होतो, एक मिनिट म्हणजे दहा राउंड टिकतो, फटक्याला +२ देतो आणि ताकदीच्या कामांना अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा). पहिल्या लेव्हलला एका लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) दोनदाच.

सुरुवातीच्या सामानात चार फेकायचे भाले मिळतात, ते लिहायला विसरू नका.

लिंबूटिंबू (सोमवार, २१:५८)

दिवसातून दोनदाच? हा नियम छापून माझ्या आईच्या फ्रिजवर लावते.

तिरफळ (सोमवार, २२:०३)

विसाव्या लेव्हलला अमर्याद होतो गो. तुझी आई पोचलेली आहे.

चौकोनी फाशावर पाय (सोमवार, २२:४०)

शस्त्र ग्रेटअॅक्स घ्या. बार्बेरियनच्या हातात कुऱ्हाडच शोभते. डी१२ हा बारा बाजूंचा बिचारा फासा अख्ख्या खेळात कोणी वापरत नाही, त्यालाही जरा काम मिळू दे.

(आयडीचा खुलासा नेहमी विचारतात म्हणून: डी४ हा टोकदार असतो, दिवे गेले होते, मी अनवाणी होतो.)

शकुनीमामा (सोमवार, २२:५५)

शोभेचं सोडा, हिशोब बघा. ग्रेटअॅक्स डी१२, सरासरी ६.५. ग्रेटसोर्ड दोन डी६, सरासरी ७. शिवाय तलवारीने कधी एक येत नाही.

चौकोनी फाशावर पाय (सोमवार, २३:०१)

मामा, त्या हाफ-ऑर्क आहेत. क्रिटला (हल्ल्याच्या फाशावर थेट वीस, शस्त्राचे फासे दुप्पट) वर शस्त्राचा एक फासा जास्तीचा मिळतो. कुऱ्हाडीचा जास्तीचा फासा डी१२, तलवारीचा नुसता डी६. तीन डी१२ म्हणजे १९.५, पाच डी६ म्हणजे १७.५. आता बोला.

शकुनीमामा (सोमवार, २३:२६)

बोलतो. क्रिट येतो वीसात एकदा. दुसऱ्या लेव्हलपासून रेकलेस अॅटॅक मिळाला की दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, तेव्हाही शंभरात दहाच्या जरा खालीच. त्या दहा वेळा कुऱ्हाड दोनाने पुढे. उरलेल्या सत्तर-ऐंशी साध्या फटक्यांत तलवार अर्ध्याने पुढे. बेरीज मारा, तलवारच जिंकते. नवव्या लेव्हलला क्रिटचा आणखी एक फासा मिळतो, तिथे कुऱ्हाड जेमतेम नाक पुढे काढते. तेही हाफ-ऑर्क असाल आणि दर वेळी रेकलेस मारत असाल तरच.

तिरफळ (सोमवार, २३:३१)

एका फटक्यामागे चार आणे इकडेतिकडे, त्यासाठी दोन बापे रात्री साडेअकरापर्यंत जागे. ताई, तुम्हाला धरायला काय आवडेल ते घ्या. लाटणंसुद्धा चालतं, डीएम त्याला क्लब म्हणेल.

निवांत दुपार (मंगळवार, ०७:१५)

बाई गं, रात्रीत एवढं. मामा, हिशोब पटला, मी स्वतः कागदावर करून बघितला. तरी कुऱ्हाडच घेते. तलवार मला सासरच्या देव्हाऱ्यावर टांगलेली आठवते, दसऱ्याला पुसायचं काम माझ्याकडे असतं.

पण मूळ प्रश्न अजून तिथेच आहे. राग कुठून आणू?

घोरपड (मंगळवार, ११:१०)

एक सुचवू? परदेशी ऑर्क-बिर्क कशाला? मावळा करा. डोंगरात वाढलेला, उघड्या छातीने भिडणारा, मरणाला न भिणारा. अस्सल आपला बार्बेरियन.

एडिसनकर (मंगळवार, ११:३४)

घोरपड, विचार चांगला आहे पण जागा चुकली. मावळा म्हणजे शिस्त. घाटवाटा तोंडपाठ, हुकूम आला की रात्रीत चढाई आणि उजाडायच्या आत परत. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही असा दंडक असलेली ही फौज. तिला भान हरपून कुऱ्हाड फिरवणाऱ्याच्या रांगेत बसवू नका. मावळा करायचाच तर रेंजर करा. नाहीतर फायटर.

घोरपड (मंगळवार, ११:५०)

मी "रानटी" म्हटलेलं नाही. उगाच शब्द तोंडात घालू नका.

एडिसनकर (मंगळवार, ११:५२)

तुम्ही नाही हो, क्लासच्या (पात्राच्या प्रकाराच्या) नावातच तो आहे.

भाषेचा_किडा (मंगळवार, १३:२०)

नावावरून आलंच आहे तर थोडं अवांतर. ग्रीक लोकांना परक्यांचं बोलणं "बर-बर" असं ऐकू यायचं, म्हणून ते बार्बारोस. म्हणजे मुळात हा शिव्या-मारामारीचा शब्दच नव्हे. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो बार्बेरियन. संस्कृतातही "बर्बर" आहे आणि त्यालाही अडखळत बोलण्याची छटा आहे. म्लेच्छ शब्दाचीही तीच गत, अस्पष्ट बोलणारा. दोन्हीकडच्या शहाण्यांनी दुसऱ्याची भाषा न शिकता त्यालाच नाव ठेवून मोकळं व्हायचं ठरवलेलं दिसतं.

बर्सर्कर (भान हरपून लढणारा) हा शब्द मात्र जुन्या नॉर्स भाषेतला. एक अर्थ अस्वलाचं कातडं पांघरणारा, दुसरा उघड्या अंगाचा. पंडितांचं अजून भांडण चालू आहे.

निवांतताई, यातून तुम्हाला एक सोय होते. तुमची बाई रागीट असायलाच हवी असं नाही. ती फक्त गावाबाहेरची असली तरी पुरे.

सातवा_मजला (मंगळवार, २२:०५)

मी दोन वर्षं बार्बेरियन खेळले, तेव्हा मूळ प्रश्नावर माझं मत देते.

पुस्तकात रेज लिहिलंय म्हणून लोक टेबलावर ओरडतात. पहिल्या दोन सेशनला मजा येते, तिसऱ्याला शेजाऱ्यांचा निरोप येतो. माझीही सुरुवात तशीच झाली. मग एकदा घसा बसला होता आणि रेज घ्यायची वेळ आली. मी काहीच बोलले नाही. खुर्ची मागे सरकवून उभी राहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डीएमकडे बघत फासा टाकला. टेबल एकदम गप्प झालं. त्या दिवसापासून तोच माझा रेज. चष्मा खाली म्हणजे सुरू. दहा राउंड एक शब्द नाही, लागेल ते खुणांनी. क्लेरिक झालेला मुलगा म्हणाला होता, तू चष्म्याला हात लावलास की माझ्या पोटात गोळा येतो.

नियमांना तुम्ही का पेटलात याच्याशी काही देणंघेणं नाही. अर्धा मार आणि +२ एवढंच त्यांना कळतं. ते दुःखाने येऊ दे, भीतीने, लाजेने, पिल्लापाशी कोणी गेलं म्हणून अस्वलीण उठते तसं. तुमचा आवाज खाली जातो म्हणालात ना? तो खाली गेला की समोरच्याने पळावं, असं करा.

लिंबूटिंबू (मंगळवार, २२:११)

+१. चष्मा वाचून काटा आला.

तिरफळ (मंगळवार, २२:२०)

मराठीत याला शब्द आहे की. अंगात येणं.

भाषेचा_किडा (मंगळवार, २२:४८)

जरा थांबा. अंगात येतं ते देवीचं, रागाचं नाही. घुमणारी बाई कोणाला मारायला घुमत नाही, तिच्या तोंडून कोणी दुसरं बोलतं. ते झेलट नावाच्या प्रकाराला जास्त जवळ. बार्बेरियनच, पण देवाच्या जोरावर लढणारा.

शकुनीमामा (मंगळवार, २३:०२)

बरोबर, झेलट २०१७ च्या पुस्तकातला. तिसऱ्या लेव्हलला निवडता येतो. मेला तर परत उठवणाऱ्या मंत्राला हिरे-माणकं लागत नाहीत. क्लेरिकचा खर्च वाचतो म्हणून आमच्या टेबलावर झेलट फार लोकप्रिय होता. त्याला आम्ही निर्धास्त पुढे ढकलायचो.

निवांत दुपार (बुधवार, १४:३०)

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. सातवा_मजला, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. रात्रभर डोक्यात घोळत होतं आणि पहाटे बाई सापडली.

ती मिठाच्या गोण्या वाहणाऱ्यांच्या तांड्यातली. खिंडीच्या अलीकडून मीठ, पलीकडून धान्य. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून हिशोब सुतळीच्या गाठींत ठेवते. साधी गाठ म्हणजे देणं, दुहेरी गाठ म्हणजे येणं. कमरेला ती सुतळी कायम. कोणी हिशोबात फसवलं की ती आधी गाठी मोजते. सावकाश. पुन्हा एकदा मोजते. मग कुऱ्हाड.

नाव सुचवा. आणि एक शंका: इंटेलिजन्स ८ असलेल्या बाईला हिशोब जमेल का? रोग घेतलेला मुलगा आत्ताच म्हणाला, "काकू, आठ म्हणजे ढ."

एडिसनकर (बुधवार, १८:४०)

त्या रोगला सांगा, आठ म्हणजे -१. वीस बाजूंच्या फाशाच्या खेळात एकाने कमी, म्हणजे चारचौघांपेक्षा किंचित मागे. ढ वगैरे काही नाही.

निरक्षर बार्बेरियनला तर जुनी परंपरा आहे. मी कॉलेजात तिसऱ्या आवृत्तीवर शिकलो, ती २००० सालची. त्यात बार्बेरियन हा एकटाच क्लास असा, ज्याला लिहिता-वाचता येत नसे. यायला हवं तर दोन स्किल पॉइंट खर्चायचे. मी चौथ्या लेव्हलला ते खर्चले होते. सगळ्यांनी वेड्यात काढलं, त्या पॉइंटांत उडी मारणं सुधारलं असतं म्हणाले. मग एक खोली आली. दारावर पाटी होती आणि विझर्ड बेशुद्ध. माझ्या मठ्ठ गड्याने अक्षरं जुळवत जुळवत वाचलं, "ढ-क-लू न-का". त्याआधीच रोगने दार ढकललं होतं. आजवरचा माझा सगळ्यात आवडता क्षण.

शकुनीमामा (बुधवार, १९:१५)

त्याही आधीचा बार्बेरियन अजून विक्षिप्त होता. खेळ १९७४ चा, पण हा क्लास गॅरी गायगॅक्सने १९८२ साली ड्रॅगन मासिकात आणला आणि १९८५ ला तो पुस्तकात आला. त्याला जादूची इतकी चीड, की जादूची वस्तू फोडली की अनुभवाचे गुण मिळायचे! सुरुवातीच्या लेव्हलना विझर्डबरोबर हिंडायचीही बंदी. म्हणजे ग्रुपला महिनाभर राबून एक जादुई तलवार मिळायची आणि हा तिच्याकडे हातोडा घेऊन बघत बसायचा. भांडणं काय झाली असतील विचार करा.

भाषेचा_किडा (बुधवार, १९:४०)

गाठींच्या हिशोबाबद्दल: इंका लोकांचं अख्खं साम्राज्य असंच चालायचं. किपू म्हणतात त्या दोऱ्यांना. गाठीचा प्रकार आणि दोरीवरची जागा यांवरून एकं, दहं, शतं. त्यामुळे तुमच्या रोगला सांगा, काकूंना ढ म्हणण्याआधी सुतळीवर तीन आकडी संख्या मांडून दाखव.

तिरफळ (बुधवार, १९:५५)

नाव: रागिणी. विषय संपला.

चौकोनी फाशावर पाय (बुधवार, २०:०२)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण फँटसीत नावाला मध्ये एक टिंब-टोला लागतो. रा'गिणी.

निवांत दुपार (बुधवार, २०:३०)

रा'गिणी!! ठरलं. लेकाला विचारलं तर म्हणाला, ऑर्कांमध्ये असं नाव नसतं. मी म्हटलं, आई कोकणस्थ होती.

लिंबूटिंबू (बुधवार, २०:३३)

ताई, तुमचा लेक हा धागा वाचत नाही ना? डीएमला सगळं कळलं तर पंचाईत.

निवांत दुपार (बुधवार, २०:३८)

छे. त्याला एवढं मराठी वाचायचा कंटाळा. इकडे फिरकत नाही.

घोरपड (गुरुवार, १०:१२)

रेंजर मावळ्याचा वेगळा धागा काढला आहे. तिकडे या.

निवांत दुपार (रविवार, २२:४५)

झालं एकदाचं. वृत्तांत देते, हसा.

पोरांनी जागा दिली, मला माझा स्वतःचा फाशांचा सेट दिला (जांभळा), आणि भजी आज बाहेरून मागवली. पहिली लढाई ओढ्याकाठी. पलीकडे चार गॉब्लिन, धनुष्यं घेऊन, साधारण ऐंशी फुटांवर. माझी पाळी आली. ठरवल्याप्रमाणे आवाज खाली आणला, सुतळी (भाजीच्या जुडीची, खरीखुरी) मोजली, म्हटलं "रेज". आणि धावत सुटले. तीस फूट, वर डॅश करून अजून तीस. साठ फुटांवर माझी पाळी संपली.

लेक म्हणाला, "आई, तुझा रेज गेला."

म्हटलं, असा कसा गेला, आत्ताच तर आला होता! तर म्हणे, पाळी संपेपर्यंत तू कोणावर हल्ला केला नाहीस आणि तुला काही लागलंही नाही, मग संपतो. सहा सेकंदांचा राग. बँकेतसुद्धा याहून जास्त टिकतो.

पुढच्या पाळीला दुसरा रेज घेतला, तोवर गॉब्लिनही जवळ आले होते. कुऱ्हाडीने एकाला मारलं: फाशावर ९, वर ५, आणि त्याचे एचपी सगळे मिळून ७. दुसऱ्याची तलवार लागली, ५ चा मार, अर्धा होऊन २. क्लेरिकने माझ्यावर एकही मंत्र खर्च केला नाही. ही माझी कमाई.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. पूल लागला. पहारेकरी म्हणाला, माणशी पाच नाणी, चौघांचे पंचवीस. पोरं आपापल्या थैल्या उघडायला लागली! तीन शिकलेली मुलं, त्यातला एक सीए करतोय. मी म्हटलं, थांबा. सुतळी काढली आणि टेबलावर पाच-पाचच्या गाठी घालायला लागले. पाच. दहा. पंधरा. वीस. पुढचं टोक रिकामं होतं ते लेकासमोर धरलं. तो पहारेकऱ्याच्या आवाजात म्हणाला, "नियम आहे बाई. पंचवीस."

आणि मंडळी, मला राग आला. खरा. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आवाज इतका खाली गेला की विझर्डला पुढे वाकावं लागलं. शीट बघितली तर रेज शून्य. दोन्ही ओढ्यावर संपलेले.

मग इंटिमिडेशनचा (धमकावण्याचा) फासा टाकला. करिश्मा १०, पण हाफ-ऑर्कला ते स्किल येतंच, त्याचे २. फाशावर १७. एकोणीस. पहारेकऱ्याने वीस घेतले. वर "ताई" म्हणाला.

सातवा_मजला (रविवार, २२:५८)

टाळ्या. मला तुमच्या टेबलावर यायचंय.

शकुनीमामा (रविवार, २३:०५)

म्हटलं होतं भाले लिहा! ३० फूट पुढे, मग एक भाला फेका. ३० फुटांपलीकडे डिसअॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान घ्यायचा) असतो, लागणार नाही बहुतेक, पण लागायची गरजच नाही. हल्ला केल्याशी मतलब, रेज टिकतो. २०२४ च्या आवृत्तीत ही कटकट काढली आहे, बोनस अॅक्शन देऊन रेज लांबवता येतो आणि शॉर्ट रेस्टला एक परतही मिळतो. तुमचं २०१४ चं, तेव्हा भाले.

निवांत दुपार (रविवार, २३:१०)

भाले लिहिले होते हो मामा. शीटच्या मागच्या बाजूला.

चौकोनी फाशावर पाय (सोमवार, ०९:२०)

आता तिसऱ्या लेव्हलचा विचार करून ठेवा. बार्बेरियनचा टोटेम वॉरियर हा प्रकार, त्यात अस्वल. रेजमध्ये सायकिक (मनावरचा) सोडून सगळा मार अर्धा. आग, विष, वीज, सगळं. डोळे झाकून घ्या.

सातवा_मजला (सोमवार, ०९:४५)

मी तेच घेतलं होतं. सगळ्यांना वाटायचं मला काही होत नाही. मलाही वाटायचं. मग एका जादूगाराने एक मंत्र टाकला, विज्डम सेव्ह (मंत्र टाळायचा फासा) मागितला, मी ४ टाकले. पुढची तीन राउंड मी त्याच्या बाजूने लढले आणि माझ्याच क्लेरिकला झोपवलं. हाच तो पोटात गोळा येणारा मुलगा. बार्बेरियनला स्ट्रेंग्थ आणि कॉनचे सेव्ह येतात, विज्डमचा येत नाही. कुऱ्हाड तुमची, पण चालवणारा दुसराच. बर्सर्कर या प्रकारच्या बार्बेरियनला सहाव्या लेव्हलपासून रेजमध्ये कोणी भुलवू किंवा घाबरवू शकत नाही. मात्र २०१४ मधला त्याचा फ्रेन्झी वापरला की दर वेळी थकव्याची एक पायरी चढते, आणि ती उतरायला एकेक लाँग रेस्ट.

एडिसनकर (सोमवार, १८:१०)

लांडगा घ्या. तुमच्या शेजारच्या शत्रूवर बाकीच्यांना जवळून मारताना अॅडव्हान्टेज. रोगचे दिवस फिरतील. काकूंना ढ म्हणणाऱ्याला उपकारात ठेवायची संधी सोडू नका.

निवांत दुपार (सोमवार, १८:३०)

लांडगा आवडला. आणि विज्डमचं लक्षात ठेवते. म्हणजे मला मारायचं तर कुऱ्हाडीने नाही, मंत्राने, असंच ना? १२ म्हणजे फक्त +१. बापरे, हे घरात कोणाला कळायला नको.

दुपारचा_डीएम (सोमवार, २३:५२)

नवीन सदस्य. पूर्ण धागा वाचला. तीन तास लागले, मराठी टायपिंगला अजून एक.

आई, पुढच्या रविवारी खिंडीपलीकडे एक जादूगार राहतो.

तिरफळ (मंगळवार, ०६:५०)

मेली रा'गिणी.

निवांत दुपार (मंगळवार, ०७:०५)

डबा ओट्यावर आहे. भाजी तुझी तू भरून घे.